पाऊस सरतोय, परसातली वायंगणी भाजी शेजाऱ्यांना घेऊन लावा

दसरा झाला की गोव्यात पावसाचा जोर ओसरतो. दुपारनंतर गडगडाट करून एखादी सर अजून येते, पण परसात भाजी लावायचा मोसम हाच. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वांगी, अळसांदे (चवळी), वाल ही आपली वायंगणी, म्हणजे पाऊस सरल्यावर घ्यायची भाजी. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या घरांमागच्या चार वाफ्यांतही ती छान येते. बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या गाड्यांवरचा स्वयंपाकघराचा भार थोडा हलका करायचा असेल तर पुढचे तीन आठवडे वाया घालवू नका. एक आग्रह मात्र आहे. यंदा लागवड एकेकट्याने करू नका, आळीतल्या चार-पाच घरांनी ठरवून करा. परसांतले बहुतेक रोग आणि किडी या घरातून त्या घरात जातात, आणि एकाच घराने कितीही जपले तरी त्या आटोक्यात येत नाहीत.

आधी माती. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, त्यात पावसाळ्याने धुपलेली. अशा जमिनीत चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिसळा आणि दोन आठवड्यांनी शेणखत किंवा कंपोस्ट घाला. दोन्ही एकदम घातले तर खतातले नत्र उडून जाते. नव्या कॉलनीत मात्र डोळे मिटून चुना टाकू नका. तिथे भरावात सिमेंटचा मलबा असतो आणि माती उलट चुनखडीची झालेली असते. विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करून माती तपासून घ्या, प्रत्येक परसाचा नमुना वेगळा द्या. वाफे वीतभर उंच करा, म्हणजे अवचित सर आली तरी मुळांशी पाणी साचणार नाही. भाजीला रोज किमान सहा तास ऊन हवे. फणसाच्या सावलीत वाफा करून उपयोग नाही, तिथे अळू आणि हळदच बऱ्या.

या दिवसांत सकाळी सकाळी पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, पेटवायची सवय सगळीकडे दिसते. ती सोडा. एखाद्या सोयीच्या परसात चार चिरे रचून हौद करा आणि सगळ्यांचा पातेरा, भाजीची देठे, साली तिथे टाका. थर ओला ठेवला, मधूनमधून शेणकाला शिंपडला आणि वरखाली केला तर उन्हाळ्याच्या तोंडाशी खत हाती येते. उरलेला पातेरा आणि माडाच्या झावळ्या वाफ्यांवर अंथरा. जानेवारीनंतर विहिरींचे पाणी उतरू लागते, तेव्हा या आच्छादनाने पाणी बरेच वाचते.

आता वांगी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आगशेच्या वांग्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हे वाण परसात टिकवायलाच हवे. पण आपल्याकडे जिवाणूजन्य मर रोग फार आहे. हिरवेगार झाड भर दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरल्यासारखे वाटते आणि दोन-तीन दिवसांत कोलमडते. पाने बहुधा पिवळीही पडत नाहीत. शंका आली की बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचे टोक न हलवता बुडवून धरा. थोड्याच वेळात कापलेल्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर मर रोगच समजा. त्या झाडाला कोणतेही औषध वाचवणार नाही. मुळांच्या मातीसकट उपटून पिशवीत भरा, हौदात टाकू नका. खुरपे, कोयता धुऊन घ्या. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो लावू नका, अळसांदे, तांबडी भाजी किंवा मका घ्या.

आणि त्याच दिवशी शेजारी सांगा. हा जिवाणू वाहत्या पाण्याबरोबर, पायाला लागलेल्या मातीबरोबर आणि सगळ्यात जास्त प्रेमाने दिलेल्या रोपांबरोबर पसरतो. म्हणून सगळ्यांची रोपे एकाच घरी करा, ज्या परसात मर कधी आलेली नाही अशा घरी. ऑक्टोबरच्या मध्यावर बी टाकले की चार-पाच आठवड्यांत रोपे लागवडीला येतात. दोन रोपांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवा. पुढे शेंडे वाळू लागले तर ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. वाळलेला शेंडा बोटभर खालून कापून नष्ट करा, आणि हे काम सगळ्या घरांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी करा. एका घरी अळी राहिली की पतंग पुन्हा सगळीकडे.

आफ्रिकन गोगलगायींचेही तसेच. जमीन कोरडी झाली की त्या दडून बसतात, तोवर वेचून काढा. संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली पपईची पाने ठेवली की रात्रीत तिथे गोळा होतात. सकाळी हातमोजे घालूनच उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. मुलांना उघड्या हाताने धरू देऊ नका, त्यांच्यातून माणसाला आजार होऊ शकतो.

तांबड्या भाजीला फार कष्ट नाहीत. बी बारीक असल्याने रेतीत मिसळून फेका, वर मातीचा पातळ थर द्या आणि वाफ्याच्या कडेने राख टाका, नाहीतर मुंग्या बी ओढून नेतात. पंचवीस-तीस दिवसांत भाजी काढायला येते. सगळ्यांनी एकाच दिवशी पेरली तर एकदम ढीग होईल आणि पुढे महिनाभर काही नाही. घरांनी आठ-दहा दिवसांच्या फरकाने पाळी लावा, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून जुन्या गोव्याच्या 3 डिसेंबरच्या फेस्तापर्यंत आणि पुढेही रोज कुणाकडे तरी जुडी असेल. पाणी सकाळी, मुळाशी घाला. रात्रभर पाने ओली राहिली तर त्यांच्यामागे पांढरे फोड येतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीवर पिशव्या ठेवण्याआधी गळती आणि वजनाची खात्री करून घ्यावी. पालेभाजी, मुळा, कोथिंबीर पिशवीत सहज होतात. मिरचीही होते, पण खोला मिरचीचे बी आत्ता टाकू नका. काणकोणच्या डोंगरउतारावर ती पावसावर होते, तिचे बी मे-जूनसाठी राखा.

बियाण्याची वाटणीही आत्ताच ठरवा. एका घरी तांबडी आणि शेजारी हिरवी माठाची भाजी एकदम फुलली तर वाऱ्याने परागसंकर होतो आणि पुढच्या वर्षी रंग फिका पडतो. बी ज्या घरी धरायचे त्याच्या आसपास दुसऱ्या रंगाची भाजी फुलण्याआधी कापा. आगशेच्या वांग्याचे बी धरायचे तर बाजारचे संकरित वांगे जवळ लावू नका, मधमाश्या परागकण नेतात. निरोगी झाडावरचे एक-दोन फळ पूर्ण पिवळे होईपर्यंत ठेवा, बी धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत मिसळून बाटलीत भरा. बाटलीवर वाण, घर आणि महिना लिहा.