समुद्रतळाचा गाळ ओळखावा कसा? सुरुवात आपल्याच मातीपासून

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या परिसरात पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. मलप्रभा पूर्वेकडे वळते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पाण्याबरोबर मातीही निघते. म्हणून समुद्रतळावरचा गाळ समजून घ्यायला जहाज लागत नाही. चार नमुने, दोन बरण्या, धुण्याचा सोडा, मीठ, व्हिनेगर, एक भिंग आणि एक लोहचुंबक एवढ्यावर काम भागते.

नमुने. चिकोडी-अथणीकडची काळी माती, खानापूरची तांबडी माती, घटप्रभा किंवा मार्कंडेयच्या काठचा गाळ आणि वेंगुर्ले किंवा कारवारच्या किनाऱ्याची वाळू असे प्रत्येकी दोन वाट्या घ्या. नदीचा गाळ दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावरच काढा. पुराच्या दिवसांत काठावर जाऊ नका. नमुने सावलीत वाळवा, ढेकळे हाताने फोडा, मुळ्या आणि काड्या वेचून रव्याच्या चाळणीने चाळा. प्रत्येक पिशवीवर जागा आणि तारीख लिहा. वाळल्यावर दोन गाळ अगदी सारखे दिसतात आणि इथेच घोळ होतो.

कणांचा आकार. सरळ उभ्या बाजूंच्या बरणीत वाटीभर माती टाका, चमचाभर धुण्याचा सोडा घाला आणि तळापासून २० सेंमीपर्यंत पाणी भरा. झाकण लावून दहा मिनिटे जोरात हलवा आणि बरणी अजिबात न हलणाऱ्या जागी ठेवा. एका मिनिटात तळाला बसते ती वाळू, म्हणजे साधारण ०.०६ मिमीपेक्षा मोठे कण. तिथे पेनाने खूण करा. चार तासांनी दुसरी खूण करा. मधला थर पोयट्याचा. त्यानंतरही पाणी गढूळ दिसते, कारण ०.००४ मिमीपेक्षा बारीक चिकणमाती अजून तरंगत असते.

तांबडी माती इथे फसवते. तिच्यातली लोहाची ऑक्साइडे चिकणमातीच्या कणांना घट्ट बांधून ठेवतात, ते गोळे वाळूसारखे झटकन बसतात आणि वाळूचा थर खोटा जाड दिसतो. अशी माती रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजवा आणि सकाळी पुन्हा हलवा.

आता हाच हिशेब समुद्राला लावून पाहा. ०.००१ मिमीचा सुटा कण ४,००० मीटर खाली जायला सुमारे दीडशे वर्षे घेईल. प्रत्यक्षात पुष्कळसे कण काही आठवड्यांतच तळ गाठतात. पाण्यातले सूक्ष्म प्राणी ते गिळतात आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून कण एकत्र खाली पडतात. म्हणूनच पृष्ठभागावर जे घडते त्याची खूण बऱ्याच वेळा थेट खालच्या तळावर सापडते.

मीठ. या प्रयोगात सोडा वापरू नका, नाहीतर निकाल चुकतो. काळ्या मातीचे गढूळ पाणी दोन ग्लासांत सारखे ओता. एकात लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ विरघळवा. समुद्राचा खारेपणा साधारण एवढाच असतो. पाणी पावसाचे किंवा नदीचे घ्या, कारण बोअरच्या जड पाण्यातले क्षार मिठाआधीच माती बसवतात आणि दोन्ही ग्लास सारखेच दिसतात. मिठाच्या ग्लासात चिकणमातीचे पुंजके होऊन ती काही तासांत खाली बसू लागते, साधा ग्लास मात्र गढूळच राहतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून आपण हेच करतो. नद्यांचा बहुतेक गाळ मुखाजवळ आणि समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, का साचतो, त्याचे एक मोठे कारण हे. हा भूजन्य, म्हणजे जमिनीवरून आलेला गाळ. तो पुढे खंडान्त उतारावरून, म्हणजे त्या उथळ तळाच्या कडेच्या उतारावरून, घसरला की गढूळ पाण्याचे लोट त्याला फार दूर नेतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा पंखा बंगालच्या उपसागरात सुमारे ३,००० किलोमीटर पसरला आहे. आपल्या मलप्रभेचा मात्र बराच गाळ आता सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणातच अडतो.

व्हिनेगर. किनाऱ्याच्या वाळूतला चिमूटभर भाग बशीत घ्या आणि वर दहा-बारा थेंब व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की त्यात शिंपल्यांचा चुना आहे. बुडबुडे बारीक असतात, म्हणून भिंगाने पाहा. चुका दोन ठिकाणी होतात. काळ्या मातीतले चुनखडीचे खडेही फसफसतात, पण ते जमिनीतच तयार झालेले असतात, त्यांचा समुद्राशी संबंध नाही. दुसरे म्हणजे, शाळेतला खडू बऱ्याचदा जिप्समचा असतो, तो फसफसत नाही, म्हणून तुलनेला खडू घेऊ नका.

खोल समुद्रात हीच चाचणी निसर्ग स्वतः करतो. फोरॅमिनिफेरा, कोकोलिथोफोर अशा सूक्ष्म जीवांची चुन्याची कवचे सतत खाली पडत असतात. गाळात जीवांच्या अवशेषांचे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्याला सिंधुपंक म्हणतात. पण सुमारे ४,५०० मीटरच्या खाली थंड, दाबाखालचे आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेले पाणी चुना जवळजवळ सगळा विरघळवते. ही रेषा प्रत्येक महासागरात थोडी वर-खाली असते. ती ओलांडली की उरते ते सिलिकाचे, म्हणजे डायटम आणि रेडिओलारिया या काचेसारखी कवचे असलेल्या सूक्ष्म जीवांचे सिंधुपंक. तेही नसेल तर तांबडी चिकणमाती. तिचा थर हजार वर्षांत जेमतेम एक मिलिमीटर वाढतो.

म्हणून नकाशावर एखादी जागा दाखवली तर आधी किनाऱ्यापासूनचे अंतर विचारा आणि मग खोली. किनारा जवळ असेल तर भूजन्य गाळ, दूर पण ४,५०० मीटरपेक्षा उथळ असेल तर बहुधा चुन्याचा सिंधुपंक, त्याहून खोल असेल तर सिलिकाचा सिंधुपंक किंवा तांबडी चिकणमाती. तिसरा प्रश्न वरच्या पाण्यात जीव किती, हा सिलिका की माती ते ठरवतो. अंटार्क्टिकाभोवती डायटम विपुल आहेत, म्हणून तिथला तळ त्यांच्या कवचांनी भरलेला असतो.

तांबड्या चिकणमातीच्या खोल तळावर गाळ फार संथ गतीने साचतो, म्हणूनच तिथे मँगनीजचे गोळे बुजून न जाता वाढू शकतात. समुद्राच्या पाण्यातली खनिजे थरावर थर चढतात आणि गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. मध्य हिंद महासागरात भारताकडे अशा गोळ्यांसाठी ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८१ साली ‘गवेषणी’ जहाजावरून पहिले गोळे वर काढले होते.

लोहचुंबक. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूवर फिरवा. पिशवी नसेल तर कण चुंबकाला चिकटून बसतात आणि निघता निघत नाहीत. सापडणारे काळे कण बहुतेक मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातून सुटलेले. त्यांना अंतराळातून पडलेली धूळ समजू नका. भिंगाखाली त्यांच्या कडा तुटक दिसतात, वितळलेली अंतराळधूळ गोल मण्यांसारखी असते. ती सगळीकडेच पडते, पण नदीच्या गाळात हरवून जाते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने समुद्रतळावरून आणलेल्या तांबड्या चिकणमातीत त्यावरचे शास्त्रज्ञ जॉन मरे यांना ती सापडली, आणि तीही अशाच चुंबकाने.