कुवेतात तेलवाल्या शेठच्या घरी ड्रायव्हर म्हणून जाताय? आधी हे वाचा

मी कुवेतात एका तेल कंपनीच्या मालकाकडे सात वर्षं घरचा ड्रायव्हर होतो, गावची पोरं सारखी विचारतात म्हणून लिहितोय. तिकडं जमिनीतलं तेल सरकारचं असतं, तेलवाला शेठ म्हणजे ड्रिलिंगची, पाइपांची कंत्राटं घेणारा, पण पैसा म्हणाल तर दारात सहा गाड्या.

पहिलं काम, व्हिसा बघा. २० नंबर म्हणजे घरकाम, १८ म्हणजे कंपनी. एजंट तोंडाने कंपनी म्हणतो आणि हातात २० ठेवतो, माझं तेच झालं, इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला निघालो नि पहिल्याच दिवशी पोरांची शाळा, मग भाजी, मग मॅडमचा शिंपी. २० वाल्यांसाठी २०१५ चा ६८ नंबरचा कायदा आहे, आठवड्याला सुट्टी, वर्षाला महिनाभर पगारी रजा, पासपोर्ट आपल्याकडेच. हे कागदावर हां, माझा दोन वर्षं त्यांच्या कपाटात होता. म्हणून निघायच्या आधी पासपोर्ट, व्हिसा, करार सगळ्याचे फोटो काढून बायकोच्या मोबाईलवर टाकून ठेवा.

मालकाला बाबा म्हणायचं आणि मालकिणीला मामा. हो, मामा! मला आठवडाभर खेडचे मामाच डोळ्यासमोर यायचे.

संध्याकाळी दिवानिया भरते, म्हणजे पुरुषांची बैठक, तिथं माणूस कमी पडला की ड्रायव्हरला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, वाटायला उभं करतात. किटली डाव्या हातात, कप उजव्या हाताने द्यायचा आणि तळापुरताच भरायचा. मी आपला कटिंगसारखा काठोकाठ भरला तर सगळे हसायला लागले, कारण भरलेला कप म्हणजे 'प्या आणि निघा'. पाहुणा कप हलवेपर्यंत थोडं थोडं ओतत राहायचं, हलवला की थांबायचं.

बाबा गाडीत बोलायला लागले की रेडिओ बंद करा. आमच्या बाबांना हिंदी यायचं, वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, १९६१ पर्यंत तिकडं रुपयाच चालायचा ना. ९१ ला इराकच्या युद्धात तेलाच्या विहिरी पेटल्या तेव्हा भरदुपारी हेडलाइट लावून गाडी चालवलेली, ते अहमदी या तेलाच्या गावाच्या रस्त्यावर हमखास सांगायचे, मी दर वेळी नवीन ऐकल्यासारखं करायचो, पगारवाढीचं पण तिथंच काढायचो.

सोडताना वर्षाला एक पगार असा हिशोब मिळतो, तो तिकीट काढायच्या आधी मागा. मला मिळाला, वर मामांनी पाच किलो खजूर दिला, त्याच्यापायी एअरपोर्टवर दोन ब्लँकेटं काढून ठेवावी लागली.