झिंग्याचे पिंजरे टाकताय? या चुका टाळा, आणि सीझनची तारीख समुद्राकडून उसनी घेऊ नका

दरवर्षी जुलै संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. "मालक, 1 ऑगस्टला सीझन खुलतोय ना, मग टाकायचे का पिंजरे?" टीव्हीवर नारळी पौर्णिमेची तयारी, सजवलेल्या होड्या, कोळीवाड्यातली गाणी दिसतात आणि आपल्या सोलापूरकडच्या पोरांना वाटतं भीमा नदी पण खुली झाली. अरे बाबांनो, 1 जून ते 31 जुलै ही बंदी समुद्राची आहे. ती 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातून येते, रत्नागिरी-रायगड-पालघरच्या यांत्रिक होड्यांसाठी. भीमेवरच्या बेगमपूरच्या पुलाखाली तिचा काय संबंध? नदी-तलावाला 1960 चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायदा आहे, शिवाय 1897 चा जुना केंद्राचा कायदा आहे, आणि सगळ्यात आधी त्या पाण्याचा ठेका कुणाकडे आहे ते बघायचं असतं. तलाव सहकारी संस्थेकडे असेल तर संस्थेला विचारा, कागद बघा, ठेक्यात जाळ्याचा आस (भोकाचा आकार), पिंजरे, बंद काळ याबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा. शेजारचा सांगतो म्हणून टाकले, असं करून पिंजरे जप्त झालेले मी बघितलेत.

आता तारखेचं नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. कोकणात पाऊस जून-जुलैला झोडपतो, आपल्या सोलापूरला खरा पाऊस सप्टेंबरमध्ये. म्हणजे समुद्राची तारीख धरून 1 ऑगस्टला उतरणारा माणूस आपल्याकडे पावसाच्या आधीच नदीत उतरतो. त्या वेळी पिंजरा उचला आणि मादी उलटी करून बघा, पोटाखालच्या पायांना अंड्यांचा घोस चिकटलेला असतो. गावठी बारीक झिंगा वर्षभर कमीजास्त अंड्यावर असतोच पण पावसाळ्यात जोर असतो. अंडी ताजी असली की रंगानं भरलेली दिसतात, फुटायला आली की राखाडी पडतात आणि बारीक काळे ठिपके दिसतात, ते आतल्या पिल्लांचे डोळे असतात. अशी एक मादी टोपल्यात गेली की पुढच्या सीझनचे शेकडो झिंगे गेले, आणि मग हीच माणसं मार्चमध्ये म्हणतात यंदा नदीत मालच नाही.

माझी सवय सांगतो. दसरा झाला की फक्त दहा पिंजरे टाकतो, विकायला नाही, बघायला. तीन रात्री सलग त्याच जागी. सकाळी एकूण झिंगे मोजायचे आणि त्यातल्या अंड्यावरच्या माद्या वेगळ्या मोजायच्या, वहीत लिहायचं, सगळे परत पाण्यात. चारात एकीपेक्षा जास्त मादी अंड्यावर असेल तर मी थांबतो, पंधरा दिवसांनी परत बघतो. बहुतेक वर्षी माझा धंदा दिवाळीनंतरच सुरू होतो. हा सरकारी नियम नाही, माझा आहे, पण माझ्या डोहात अजून माल आहे.

ही मोजायची पद्धत काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, स्पॉट प्रॉन नावाचा झिंगा खोल समुद्रात पिंजऱ्यानंच धरतात. तिथला धंद्याचा सीझन साधारण मे महिन्यात खुलतो, पण बंद कधी होणार ते पिंजऱ्यातल्या माद्या ठरवतात. दर पिंजऱ्यामागे किती माद्या येतात ते मोजत राहतात, आकडा ठरवलेल्या पातळीच्या खाली गेला की तो भाग बंद. कारण तो झिंगा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, आयुष्य जेमतेम चार वर्षांचं, मोठा माल सगळा उचलला तर माद्याच संपणार. पाठीचं कवच डोळ्याच्या खोबणीपासून मागच्या कडेपर्यंत 33 मिलीमीटर भरलं नाही तर झिंगा परत सोडायचा. आणि एक पिंजरा दिवसातून एकदाच उचलायचा. आपल्याकडं पोरं दिवसात चार वेळा उचलतात, चहा प्यायला उठलं की दोरी ओढून बघतात. झिंगा रात्री फिरतो रे, दिवसा उचलून काय मिळणार? पाणी ढवळतं, आमिष सांडतं, बाकी काही नाही.

इथं अजून एक गोंधळ. गावठी झिंगा आणि जंबो झिंगा, ज्याला कोळंबी म्हणून हॉटेलवाले विकतात, या दोघांचं कॅलेंडर वेगळं. जंबोच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ, थोडं खारं पाणी लागतं, आपल्या गोड्या तलावात ती जगतच नाहीत. म्हणून त्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, दरवेळी हॅचरीतून आणून सोडावं लागतं. ज्या तलावात बीज सोडलंय तिथं प्रश्न अंड्यांचा नसतो, वाढीचा असतो, सहा-आठ महिने थांबावं लागतं. तिसऱ्या महिन्यात बोटाएवढा माल काढून स्वस्तात विकणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडलंय.

आता विसर्गाची, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची गोष्ट. ही पूर्ण सांगणार, कारण माझ्या घरातली आहे.

पाच-सहा वर्षं झाली असतील. माझा चुलत पुतण्या आणि त्याचा दोस्त, दोघांनी मिळून ऐंशी पिंजरे केले, उसने पैसे घेऊन, एकेक पिंजरा दोनशे-अडीचशेला पडलेला. मी म्हटलं थांबा रे, दिवाळी होऊ द्या. पोरगं म्हणालं, काका, पाणी बघा किती संथ आहे, आणि उजनी अजून मायनसमध्ये आहे, वरून सोडणार कोण? मोबाईलवर उजनीचा आकडा दाखवला मला, मृतसाठ्याच्या खालीच होतं तेव्हा धरण, खोटं नव्हतं ते. जुलैचा शेवट होता. टाकले त्यांनी माचणूरच्या अलीकडे काठाकाठानं सगळे ऐंशी, एका लांब दोरीला वीस-वीस बांधून.

आता नकाशा डोळ्यापुढं आणा. उजनी वर आहे. तिच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा नदी भीमेत मिळते, आणि नीरेवर वीर धरण आहे. सह्याद्रीत पाऊस लागला की वीर लवकर भरतं आणि दरवाजे उघडतात. म्हणजे उजनीतून एक थेंब सुटला नाही तरी पंढरपूरला नदी वाढू शकते, आणि पंढरपूरच्या खाली आपण. पोरांनी उजनी बघितली, वीर बघितलंच नाही. मला पण त्या दिवशी सुचलं नाही की विचारावं, याचं आजही वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी पंढरपूरचा एक ओळखीचा माणूस म्हणाला की चंद्रभागेला पाणी यायला लागलंय, तेव्हा मी पळालो. पोरं नदीतच होती, गुडघाभर पाण्यात दोरी सोडवत. पाणी गढूळ झालं होतं, काटक्या-जलपर्णी वाहत यायला लागली होती, मी काठावरून ओरडून ओरडून त्यांना बाहेर काढलं. पुतण्या बाहेर यायला तयार नव्हता, म्हणत होता अजून एक दोरी काका, एकच. अर्ध्या तासात ती जागा कमरेच्या वर बुडाली. सतरा पिंजरे हाती लागले, त्रेसष्ट गेले. पोरं वाचली एवढंच.

त्यामुळं माझ्याकडं नियम पक्का आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरही पिंजरे टाकायच्या आधी उजनी, वीर आणि पंढरपूरची पाणीपातळी तिन्ही बघायची. सीनेत टाकत असाल तर सीनेकडचा पाऊस बघायचा, ती कुडलला भीमेला मिळते. आणि पावसाळा नसला तरी सोलापूर शहराला पिण्यासाठी उजनीतून नदीत आवर्तन सोडतात, औज बंधाऱ्यापर्यंत पाणी पोचवायला, तेव्हा उन्हाळ्यात सुद्धा कोरडी नदी एका रात्रीत भरते. आवर्तनाची बातमी आली की आदल्या दिवशी पिंजरे बाहेर. एका दोरीला वीस कधीच नाही, माझे पाच-पाच असतात, गडबडीत एक माणूस पाच सोडवू शकतो.

याच गोष्टीचा दुसरा भाग जास्त दुखतो. दोन महिन्यांनी पाणी उतरलं तेव्हा त्या त्रेसष्टमधले सात पिंजरे बाभळीच्या मुळात अडकलेले सापडले. प्रत्येकात मेलेला माल. आत अडकलेला मरतो, त्याच्या वासानं दुसरा येतो, तोही मरतो, असा तो पिंजरा मालकाशिवाय मारत राहतो. एकात कासव होतं. पुतण्यानं ते बघितलं आणि तिथंच बसला.

यावर उपाय इतका साधा आहे की लोक तो करत नाहीत याचा मला राग येतो. पिंजऱ्याच्या एका बाजूला वीतभर खिडकी कापायची आणि ती नायलॉननं न शिवता कच्च्या सुती दोऱ्यानं शिवायची. सूत पाण्यात कुजतं, खिडकी उघडते, अडकलेले निघून जातात. वर सांगितलेल्या कॅनडात हे सक्तीचं आहे. आपलं तर सोलापूर आहे, चादरी-टॉवेलचं गाव, यंत्रमागाच्या कारखान्यात उरलेलं सूत किलोवर मिळतं! माझ्या पिंजऱ्यात ते साधारण महिनाभर टिकतं, म्हणून मी दर तीन आठवड्यांनी नवीन शिवतो. रात्री टीव्ही बघत बघत होतं ते काम. प्लास्टिकच्या दोरीनं घट्ट शिवून "मजबूत झालं" म्हणणाऱ्याला पिंजऱ्याचं काम कळलेलं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बारीक आसाची मच्छरदाणी पिंजऱ्याला गुंडाळू नका, नखाएवढी पिल्लं धरून कुणाचं पोट भरत नाही.

आमिषाला कोंबडीची घाण भरमसाट टाकू नका, चिलापी मासे आणि खेकडे येतात आणि झिंगे खाऊन टाकतात. मी शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाच्या कण्या मळून लिंबाएवढा गोळा करतो, जुन्या धोतराच्या कापडात बांधून मधोमध टांगतो. एका रात्रीला एक गोळा बास.

दोन-दोन रात्री पिंजरा तसाच ठेवू नका. कात टाकलेला झिंगा मऊ असतो, पळू शकत नाही, बाकीचे त्याला कुरतडतात, वरचे पाय तुटलेले झिंगे दिसले की समजायचं उशीर झाला.

डोहात कीटकनाशक ओतून झिंगे काढणं, जिलेटिनचा स्फोट करणं, हे 1897 पासून गुन्हा आहे. त्याच पाण्यावर खाली गुरं पितात, माणसं पितात. असं करणाऱ्याबरोबर मी एका काठावर उभा राहत नाही.

आणि शेवटचं, बर्फ. फेब्रुवारी गेला की आपल्याकडं ऊन कसं असतं ते सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये 42-43 डिग्री. झिंगा मेला की त्याच्या डोक्यातला पाचक रस शेपटीच्या मांसात उतरतो आणि मांस पिठासारखं भुसभुशीत होतं, जंबोत तर फारच लवकर. पोरं ओल्या गोणपाटात बांधून बाईकवर बाजारात आणतात आणि गिऱ्हाईक हात लावून परत ठेवतं, मग म्हणतात सोलापुरात झिंग्याला भाव नाही. मी काठावर जातानाच बादलीत अर्धा बर्फ अर्धं पाणी घेऊन जातो, जिवंत झिंगा थेट त्यात, लगेच गार पडतो. मग पाणी काढून एक थर बर्फ एक थर झिंगा. डोकी वेगळी विकली जाणार असतील तर तिथंच तोडतो. बर्फाला जाणारे पन्नास-साठ रुपये ज्याला जड वाटतात त्यानं आधी एकदा सकाळी सातचा माल आणि अकराचा माल शेजारी ठेवून बोटानं दाबून बघावा.