वरच्या मजल्यावरचं घर गार ठेवताना या चुका टाळा

मार्च लागला की ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत शेवटच्या मजल्यावर एकच रड: एसी चालूच असतो, खोली गार होत नाही, महावितरणचं बिल मात्र फुगतं. मग दीड टनाचा काढून दोन टनाचा बसवायचं ठरतं. थांबा. आधी ऊन घरात शिरतंय कुठून ते शोधा.

रात्री दहाच्या सुमारास पंखा बंद करून स्टुलावर चढा आणि छताला तळहात लावा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते खोलीत सोडत बसतं. छत गरम लागलं तर स्लॅब, पश्चिमेची भिंत तापलेली असेल तर भिंत. दोन्ही ठीक असतील तर एसी लावून स्लायडिंग खिडकीच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर सरळ वर न जाता वाकडा पळाला तर ट्रॅकमधली ब्रशपट्टी झिजली आहे. ती बदलणं किरकोळ काम.

स्लॅबचा उपाय बहुतेक जण आतून करतात: पीओपीचं सीलिंग. थोडा फरक पडतो, पण वर स्लॅब तापतोच. गच्चीवर चायना चिप्स (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे) किंवा ऊन परतवणारा पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट जास्त कामाचा. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी आधी. आणि गळका स्लॅब तसाच ठेवून त्यावर पांढरा रंग मारणं हा तर शुद्ध वेडेपणा; आत मुरलेली ओल पावसाळ्यात पोपडे काढते. आधी कोब्याच्या भेगा आणि गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातला वाटा (सिमेंटची गोलाई) दुरुस्त करून घ्या, मगच रंग. पावसाळ्यानंतर शेवाळ धुवायलाच हवं, काळवंडलेला पांढरा रंग ऊन काय परतवणार?

खिडकीला आतून जाड पडदे लावले तरी काचेतून ऊन आत आलेलंच असतं. बाहेरून बांबूची चिक किंवा छज्जा हवा. वाळ्याचे पडदे आणि कूलर नागपूरला ठीक. खाडीकाठच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, घाम तेवढा वाढतो.

एसी १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. एसी २४ वर ठेवून जोडीला पंखा लावला की पुरतं.

फटी बुजवल्या म्हणून पावसाळ्यातही खिडक्या कायम लावून ठेवू नका, कपाटामागे बुरशी धरते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू राहू द्या.