तीन रांगांच्या एसयूव्हीमधील जागा आणि आसनांचा आराम कसा पारखावा

नाशिकमधील बहुतेक कुटुंबांना तीन रांगांची गाडी रोज लागत नाही. सकाळी गंगापूर रोडवरून सातपूर किंवा अंबडला कामावर जाताना तिच्यात एकच माणूस असतो. ती भरते ती वणीला किंवा त्र्यंबकेश्वरला सगळ्यांनी मिळून जायचे ठरते तेव्हा, शिर्डीला जाताना, लग्नसराईत, किंवा कसारा घाट उतरून मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचे असते तेव्हा. त्यामुळे अशा गाड्यांची तुलना भरलेल्या अवस्थेतच करावी लागते. रिकाम्या गाडीत पुढच्या सीटवर बसून सगळ्याच गाड्या ऐसपैस वाटतात. मधल्या रांगेला दिलेला प्रत्येक सेंटिमीटर तिसऱ्या रांगेतून वजा होतो, आणि विक्रेता दोन्ही रांगा एकाच वेळी दाखवण्याचे बहुधा टाळतो.

आधी माणसांची यादी

शोरूमला जाण्यापूर्वी कोण कुठे बसणार आणि किती वेळ बसणार, हे कागदावर लिहावे. गुडघे दुखणारे आजी-आजोबा मधल्या रांगेत बसणार, हे उघड आहे. मग मागे कोण जाणार? आपल्याकडे मुलांना आणि घरातल्या सुनांना मागे पाठवण्याची रीत आहे, आणि गाडी पसंत करणारा पुरुष बहुतेकदा तिसऱ्या रांगेत कधी बसलेलाच नसतो. म्हणून मागे बसणाऱ्या व्यक्तीला शोरूममध्ये सोबत न्यावे आणि तिचे मत सर्वांत आधी विचारावे. तिसऱ्या रांगेत केवळ लहान मुले बसणार असतील तर निवडीला बराच वाव राहतो. मोठी माणसे नेहमी दोन-तीन तास मागे बसणार असतील, तर यादी झपाट्याने लहान होते.

माहितीपत्रकातील आकडे

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, हा जागेचा पहिला अंदाज देणारा आकडा आहे. पण त्यावर निकाल लावता येत नाही. टाटा सफारीचा व्हीलबेस २७४१ मिलिमीटर, महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन या दोहोंचा २७५०, तर ह्युंदाई अल्काझारचा २७६० मिलिमीटर आहे. या चार गाड्यांमधला फरक बोटभरच असूनही त्यांच्या मागच्या रांगा बसायला सारख्या नाहीत. टोयोटा इनोव्हा हायक्रॉस ही एमपीव्हीकडे, म्हणजे अधिक माणसांसाठी बनवलेल्या कौटुंबिक गाडीकडे झुकणारी गाडी असली तरी घरोघरी ती याच यादीत येते, आणि तिचा २८५० मिलिमीटरचा व्हीलबेस मात्र खरोखर वेगळा आहे. लेगरूमचा, म्हणजे पाय ठेवण्याच्या जागेचा, छापील आकडा त्याहूनही जपून वाचावा, कारण एका रांगेचा आकडा पुढची सीट किती सरकवून मोजला आहे यावर तो अवलंबून असतो.

शोरूममध्ये क्रमाने बसावे

सोबत मोजपट्टी न्यावी. घरातील नेहमीच्या चालकाने आपली सीट, पाठीचा कल आणि स्टिअरिंग रोजच्या सवयीप्रमाणे लावावे, आणि ही स्थिती नंतर कोणीही बदलू नये. त्यानंतर मधल्या रांगेत त्याच्या मागे बसणाऱ्याने आपली सीट अशी लावावी की गुडघा आणि पुढच्या सीटच्या पाठीमध्ये चार बोटे अंतर राहील. त्याला त्याहून अधिक पाय पसरू देऊ नयेत. आता तिसऱ्या रांगेत बसून तेथे काय उरले ते पाहावे. मधली रांग पुढे-मागे सरकते की नाही, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो: सफारी, अल्काझार आणि हायक्रॉसमध्ये ती सरकते, त्यामुळे जागेची वाटणी बदलता येते, स्कॉर्पिओ-एनमध्ये ती सरकत नाही, म्हणून मागच्याला जे मिळते त्यावरच भागवावे लागते.

तिसऱ्या रांगेत गुडघ्यापुढील जागेपेक्षा मांडीखालचा आधार अधिक महत्त्वाचा आहे, आणि नेमके तेच कोणी मोजत नाही. या रांगेखाली चॅसिसचा मागचा भाग आणि मागचा अ‍ॅक्सल येत असल्याने पायाखालची जमीन उंच असते. छताची उंची ठरलेली असल्याने सीट तितकी वर नेता येत नाही. परिणामी गुडघे वर उचलले जातात, मांड्या अधांतरी राहतात आणि शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. पहिली दहा मिनिटे हे जाणवत नाही. सिन्नर ओलांडेपर्यंत कंबर बोलू लागते. मोजपट्टीने जमिनीपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची घ्यावी. मोठ्या माणसाच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची साधारण ४० सेंटिमीटरच्या आसपास असते. सीटची उंची त्याहून बरीच कमी भरली, तर ती जागा मुलांची आहे असे समजावे. त्याच वेळी पावले मधल्या सीटखाली सरकतात का, डोके छताला किंवा मागच्या काचेच्या चौकटीला लागते का, हेडरेस्ट डोक्यापर्यंत वर येते का आणि पाठ थोडी मागे कलते का, हेही पाहून घ्यावे.

बाक की सुटी आसने

मधल्या रांगेत सलग बाक असेल तर गाडी बहुधा सात जणांची, दोन कॅप्टन सीट, म्हणजे सुटी आसने, असतील तर सहा जणांची; हायक्रॉसमध्ये मात्र अनुक्रमे आठ आणि सात जणांची. मोठ्या माणसाचे खांदे सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद धरले तर तिघांना १३५ सेंटिमीटर लागतात. तेव्हा बाकावर तिघांना खरोखर शेजारी बसवूनच पाहावे. मधल्या व्यक्तीसाठी तीन टोकांचा सीट बेल्ट आणि हेडरेस्ट आहे की नाही, हेही पाहावे. कॅप्टन सीट आरामशीर असतात आणि काही गाड्यांत दोहोंमधून मागे जाण्याइतकी वाटही मिळते. पण घरात पाचच्या वर माणसे नेहमी प्रवास करत असतील तर माझे मत बाकाच्या बाजूने आहे.

लहान मुलाची सुरक्षा सीट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, म्हणजे डाव्या दाराने चढणे सुरक्षित असते, आणि मागे जाण्यासाठी दुमडणारी सीटही पुष्कळदा त्याच बाजूची असते. तेथे मुलाची सीट बसवली की तिसऱ्या रांगेची वाट बंद होते. म्हणून स्वतःकडची सीट सोबत नेऊन ती बसवून पाहावी.

मागे चढताना साडी नेसलेल्या व्यक्तीने, हातात पिशवी घेऊन, विक्रेत्याच्या मदतीशिवाय चढावे आणि उतरावे. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते.

टेस्ट ड्राइव्ह मागे बसून

चालवण्याची हौस घरातील एकाने भागवावी, बाकीच्यांनी मागे बसावे. गाडीत निदान पाच जण असावेत, कारण रिकाम्या गाडीचे मागचे सस्पेन्शन कडक वाटते, विशेषतः स्कॉर्पिओ-एनसारख्या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या गाडीत. महामार्गावरील उड्डाणपुलावर गाडी सुसाट जाते आणि काहीच कळत नाही. पाथर्डी फाट्याकडे सर्व्हिस रोडने जावे आणि गतिरोधकांवर तिसऱ्या रांगेतला माणूस किती उसळतो ते पाहावे. मागची रांग चाकांच्या जवळ असल्याने प्रत्येक धक्का तेथे अधिक पोहोचतो. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मागच्या खिडकीची काच किती मोठी आहे, हे फार महत्त्वाचे ठरते. नांदुरीच्या घाटात बाहेरचे काही न दिसता वळणे घेत जाणे कोणालाही मानवत नाही.

शक्य असल्यास ही फेरी दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून करावी. एसीची हवा मागच्या झरोक्यांतून किती वेळाने गार येते आणि त्यासाठी पंख्याचे वेगळे बटण आहे का, हे पाहावे.

शेवटी डिकी. सगळ्या सीट उभ्या ठेवून आपल्या घरातील बॅगा प्रत्यक्ष ठेवून पाहाव्यात. या अवस्थेत अल्काझारमध्ये १८० लिटर, तर हायक्रॉसमध्ये ३०० लिटर जागा सांगितली जाते. कित्येक एसयूव्हींत दोन हातपिशव्यांपलीकडे काही मावत नाही आणि छतावरच्या कॅरिअरचा खर्च गृहीत धरावा लागतो.

सर्व गाड्या शक्यतो एकाच दिवशी पाहाव्यात आणि प्रत्येकीची मोजमापे त्याच संध्याकाळी एका तक्त्यात लिहावीत. बुकिंग करण्यापूर्वी शोरूममधील गाडी कोणत्या व्हेरिएंटची होती ते विचारावे, कारण सरकणारी मधली रांग, सीटचे कापड किंवा लेदरेट आणि मागचे एसी झरोके व्हेरिएंटनुसार बदलू शकतात. सनरूफ असलेल्या व्हेरिएंटमध्ये डोक्यावरची जागाही कमी होऊ शकते. पावतीवर व्हेरिएंटचे पूर्ण नाव आणि आसनसंख्या लिहून घ्यावी.