रेट्रोत सगळे गप्प बसतात तेव्हा

स्क्रम ही सॉफ्टवेअर टीमची छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करायची पद्धत. स्प्रिंटच्या शेवटी काय चांगलं झालं, काय चुकलं हे बोलायला बसतात, ती रेट्रो. टीमला ही पद्धत नीट पाळायला मदत करणारी स्क्रम मास्टर झाल्यावरची माझी पहिली रेट्रो अकरा मिनिटांत आटोपली. काय चांगलं झालं? "सगळंच छान." काय चुकलं? सगळ्यांच्या माना लॅपटॉपमध्ये. मॅनेजर सर शेजारीच बसलेले, अप्रेझल तोंडावर आलेलं. मला मात्र वाटलं, टीम खूश आहे!

संध्याकाळी टपरीवर टेस्टिंगमधली मुलगी म्हणाली, "बिल्ड दर वेळी गुरुवारी संध्याकाळी हातात येतो, शुक्रवारी डेमो. मी बग कधी शोधायचे?" बिल्ड म्हणजे तपासायला तयार करून दिलेलं सॉफ्टवेअर. खरी रेट्रो तिथे, कटिंगबरोबर चालू होती.

पुढच्या वेळी धीर करून म्हटलं, "सर, यावेळी आम्हीच बसतो. काय ठरलं ते लगेच सांगते." स्क्रमची अधिकृत नियमपुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडनुसार टीम म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर; मॅनेजर त्यात येत नाही. सर हसले, पण ऐकलं.

मग पहिली सात मिनिटं कुणीच बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या लिहायच्या. एरवी मीटिंगमध्ये अवाक्षर न काढणाऱ्यांनी चार-चार लिहिल्या. प्रत्येकाला तीन ठिपके दिले, हव्या त्या चिठ्ठीवर द्यायला. सर्वांत जास्त ठिपके उशिरा येणाऱ्या बिल्डवर पडले. एका चिठ्ठीवर सीनियरचं नाव होतं, "हा रिव्ह्यू अडवतो" असं; रिव्ह्यू म्हणजे कोडची तपासणी. ती मी वाचताना बदलली: "रिव्ह्यू दोन दिवस पडून राहतो." रेट्रोवर पुस्तक लिहिणाऱ्या नॉर्मन कर्थ यांचा नियम आहे की त्या वेळच्या परिस्थितीत प्रत्येकाने जमेल तेवढं चांगलंच काम केलं असं धरून चालायचं. काही जण तो दर वेळी मोठ्याने वाचतात. मला ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं वाटतं. वागण्यात असला की पुरे.

खोदल्यावर कळलं, मर्ज करायचा, म्हणजे तपासलेला कोड मुख्य कोडमध्ये मिसळायचा, अ‍ॅक्सेस त्या सीनियर एकट्याकडेच होता. बिचारा स्वतःच वैतागलेला.

नवख्यांची गाडी इथेच घसरते: "कम्युनिकेशन सुधारणे" असं काहीतरी लिहून मोकळे होतात. आम्ही लिहिलं, "आणखी दोघांना मर्जचा अ‍ॅक्सेस, सोमवारपर्यंत, जबाबदारी माझी." एवढंच, आणि तेही स्प्रिंटच्या बोर्डावर, बाकीच्या कामांच्या रांगेत. वहीत राहिलेलं काम होत नाही, माझं तरी नाही. पुढची रेट्रो याच ओळीपासून सुरू केली.

त्या स्प्रिंटला बिल्ड बुधवारी दुपारी आला. टेस्टिंगमधल्या मुलीची चिठ्ठी होतीच: "मंगळवारी का नाही?"