विसरभोळेपणा की आजार? घरच्या घरी कसं ओळखायचं

आमच्याकडे कोकणात गणपतीत माटवी (मूर्तीच्या वर टांगलेली, रानातल्या फळा-फुलांनी सजवायची लाकडी चौकट) बांधायची ती बाबांनीच. कवंडळाची फळं, हरणाची फुलं, आंब्याचे टाळे, नारळाची पेंड, काय कुठे बांधायचं ते त्यांना कधी कोणाला विचारावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी मात्र हातात सुंभ घेऊन माटवीखाली उभेच राहिले आणि मला हळूच विचारलं, "आता ह्याचा काय करूचा?" आम्ही हसलो. त्याच रात्री सगळ्या आरत्या मंत्रपुष्पांजलीसकट एकही शब्द न चुकता म्हटल्या, मग काय, सगळे म्हणाले बाबांची मेमरी एकदम मस्त.

तिथेच फसलो आम्ही. जुनं पाठांतर आणि जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण कुठे झोपलेलं ते सांगणारा माणूस सकाळी पेज खाल्ली की नाही हे विसरत असेल, तर भूकंप सोडा, पेजेकडे लक्ष द्या.

तुलना करायची ती शेजारच्या काकांशी नाही, त्याच माणसाच्या पाच वर्षांपूर्वीच्या वागण्याशी. ज्याला हिशोब कधीच जमला नाही त्याला आता जमत नाही यात नवल नाही, पण आयुष्यभर आंब्याच्या पेट्यांचा हिशोब तोंडी करणारा माणूस सुटे पैसे मोजताना अडकतो, लाईट बिल दोनदा भरतो, हे वेगळं. नाव पटकन आठवलं नाही आणि जेवताना अचानक आठवलं तर ते वयाचं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं पण वयाचंच, तो तांदळाच्या डब्यात सापडणं आणि वर "कोणीतरी चोरलान" म्हणणं, ते नाही. तासाभरात तोच प्रश्न चार वेळा येतो का, रोजच्या बाजारातून घरी येताना वाट चुकते का, आवडीचं भजन उगाच बंद केलंय का (पुढची ओळ आठवत नाही म्हणून लाजेने जात नाहीत, सांगतात गुडघे दुखतात), हे बघा. रोज घरात असणाऱ्यांना हे दिसतच नाही कारण आपण नकळत सांभाळून घेत असतो, मे महिन्यात आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना दिसतं, पण ते चार दिवसांत कशाला वाद म्हणून गप्प बसतात. बसू नका.

एक वही करा. तारीख, काय झालं, कितीदा, बस. "12 तारीख, दूध गॅसवर ठेवून खळ्यात गेले, आठवड्यात दुसऱ्यांदा." डॉक्टरला "हल्ली विसरतात" यापेक्षा हे दहापट उपयोगी पडतं. आणि पाहुण्यांसमोर "सांगा बघू आज वार कुठला" असली परीक्षा प्लीज घेऊ नका, माणूस दुखावतो आणि पुढे लपवायला लागतो.

डॉक्टरकडे न्यायचं कसं, तर आम्ही "माझं बीपी दाखवायचंय, चला तुमचं पण बघू" म्हणून नेलं. सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या यानेही डोकं जड होतं. थायरॉईड, बी 12, साखर, सोडियम बघतात, कान तपासून घ्या, उदास वाटतं का तेही सांगा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. आपण मासे खातो मग बी 12 कशाला कमी असेल, असं मलाही वाटायचं, पण डायबेटीसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते कमी होऊ शकतं.

पावसाळ्यातली एक गोष्ट नक्की सांगा. शेवाळावरून घसरून डोकं आपटलं, तेव्हा काहीच वाटलं नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस सुस्त, गोंधळलेला झाला, तर डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं, स्कॅन लागतो. आणि एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागले तर ते वय नव्हे, इन्फेक्शन असेल, सोडियम उतरलं असेल, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं तर एक मिनिट पण थांबू नका.

स्वतःबद्दलच शंका असेल तरी हेच करा. झोप नाही, टेन्शन आहे म्हणूनही विसरायला होतं, पण घरच्यांना विचारा, आपल्याला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. कोणाशी बोलायचंच असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, फुकट.

बाबांचं बी 12 कमी निघालं, इंजेक्शनं झाली, थोडा फरक पडला, सगळा नाही. बागेच्या सातबाऱ्याचं आणि बँकेचं काय करायचं ते त्यांनीच, समजतंय तोवर, सगळ्या भावंडांना एकत्र बसवून सांगितलं. माटवी आता पुतण्या बांधतो, बाबा खाली खुर्चीत बसून कवंडळं हातात देतात.